भलरी थांबली, काम थांबले नाही

"औंदा खुरपायला बाया मिळंनात," हे वाक्य आषाढ-श्रावणात कोणत्याही गावच्या पारावर कानी पडते. मजुरी वाढली, माणसे शहराकडे गेली, जो तो गुत्त्याने काम घेऊ लागला, अशी कारणे सांगितली जातात. ती खरीच आहेत. पण त्याच गावात आणखी एक गोष्ट सर्वांना ठाऊक असते आणि ती कुणी मोठ्याने बोलत नाही. रोज सारखाच असूनही काही रानांत टोळी हसत जाते आणि काही रानांचे नाव काढले की बाया एकमेकींच्या तोंडाकडे बघतात.

टोळी घेऊन जाणाऱ्या बाईला याचे कारण विचारून पाहावे. ती सांगेल, "त्येंच्या रानात सावलीला झाड न्हाई, पाणी उन्हात तापल्यालं, आन मालक दिवसभर बांधावर हुबा ऱ्हाऊन वरडतो." दुसऱ्या रानाबद्दल सांगेल, "तितं भाकर खायाला लिंबाखाली बसतो, मालकीण कोरड्यास आणती, दोन शब्द बोलती. दिस कधी मावळतो कळत न्हाई." दोन्हीकडे पीक तेच, तण तेच, पैसाही तेवढाच. फरक आहे तो कामाच्या गोडीचा.

या गोडीचा विचार आपल्याकडे कुणी फारसा करीत नाही. बियाणे, खत, औषध, भाव यांवर चर्चासत्रे होतात. रोजच्या कामातला कंटाळा कसा कमी व्हावा आणि काम करणाऱ्या माणसाला चार घटका बरे कसे वाटावे, हा विषय मात्र "चैनीचा" समजला जातो. आपल्या वाडवडिलांनी तो तसा समजला नव्हता.

गाणे हेही अवजारच

जुन्या काळी कष्ट आजच्यापेक्षा किती तरी जास्त होते. विहिरीचे पाणी मोटेने काढावे लागे. बैल धावेच्या उतारावरून खाली जात आणि चामड्याची भरलेली मोट वर येई. मोट थारोळ्यात रिकामी झाली की बैलांना पुन्हा मागे घ्यायचे. पहाटेपासून हीच ये-जा. खाली जाताना मोटकरी नाड्यावर बसे आणि गाणे म्हणे. त्या गाण्याच्या चालीवर बैलांचे पाऊल पडे, हे मोट हाकलेली जुनी माणसे सांगत.

पश्चिम महाराष्ट्रात सुगीच्या वेळी भलरी म्हणत. एकाने पुढे म्हणायचे आणि बाकीच्यांनी साथ धरायची. ओळीने चाललेले दहा-वीस विळे त्या सुरावर एका वेळी चालत. कुणी मागे राहिले तर सूर त्याला ओढून घेई, कुणी फार पुढे पळाले तर सूर त्याला आवरी. भलरी ही करमणूक होतीच, पण विळ्याला जशी धार, तशी टोळीला भलरी.

जात्याची गोष्ट त्याहून खोल आहे. पहाटे समोरासमोर बसून दोघी दळत आणि ओवी म्हणत. माहेर, भाऊ, सासुरवास, पंढरीचा विठोबा, गावातला अन्याय, नवऱ्याचा स्वभाव हे सारे त्या ओव्यांत येई. दिवसा जे बोलायची मुभा नव्हती ते पहाटे जात्यापाशी बोलता येई. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी आपल्या सहकाऱ्यांसह महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. 'पारी' या संस्थेने २०१७ पासून त्या लोकांपुढे आणल्या. एवढा मोठा ठेवा कुण्या पंडिताने लिहिलेला नाही. पीठ पडता पडता अडाणी म्हटल्या गेलेल्या बायांनी तो रचला.

मात्र त्या काळाचे गोडवे गाताना एक भान ठेवले पाहिजे. इर्जिकीला सारा गाव औते घेऊन येई हे खरे, पण जेवणाची पंगत सर्वांची एक नसे. वेठीला धरलेल्या माणसाच्या कष्टाला कसली गोडी? आणि पुन्हा जाते ओढायला सांगितले तर एकही बाई तयार होणार नाही. तिने व्हावे तरी कशाला? विजेची गिरणी आली आणि बायांची पहाट मोकळी झाली, हे चांगलेच झाले.

यंत्राने कष्ट नेले, सोबतही नेली

मोट गेली, इंजिन आले, मग विजेची मोटार आली. मळणीची पात आणि खळे जाऊन मळणीयंत्र आले. नांगरट ट्रॅक्टरने होऊ लागली, सोयाबीनच्या आणि गव्हाच्या रानात हार्वेस्टर फिरू लागला. आठ दिवसांचे काम तासांवर आले. ही प्रगती नाकारून चालणार नाही.

पण हिशेबाच्या वहीत न आलेली एक बाब आहे. पूर्वी जिथे दहा माणसे होती तिथे आता एकटा माणूस आहे. एकटाच ट्रॅक्टर चालवतो, एकटाच पाठीवर पंप घेऊन फवारतो, एकटाच रात्री बॅटरी घेऊन पाणी द्यायला जातो. सावड गेली, तिच्याबरोबर कामाच्या नादात होणारे बोलणेही गेले. "तुझं सोयाबीन कसं हाय, सोसायटीचं काय झालं, पोरीचं जमलं का," या गप्पा वरवर रिकाम्या वाटतात. पण अडचणीत सापडलेल्या माणसाचा पहिला उसासा त्याच गप्पांत बाहेर पडतो आणि शेजाऱ्याच्या कानावर जातो. शेतकऱ्यांच्या आत्महत्या कर्ज, भाव आणि पाऊसपाणी यांच्या प्रश्नाशी जोडलेल्या आहेत, त्या गप्पांनी थांबतील असे म्हणणे भाबडेपणाचे होईल. तरीही, माणूस एकटा पडला की संकट दुणावते, एवढे गावातला प्रत्येक जण जाणतो.

गुत्त्याच्या कामानेही असेच केले. सोयाबीन काढणीचे एकराचे पैसे ठरतात. जेवढे लवकर उरकेल तेवढा रोज जास्त पडतो. त्यामुळे बायाही गुत्तेच मागतात आणि त्यात त्यांची चूक नाही. पण अशा कामात भाकर घाईने गिळली जाते, पाणी प्यायला उठायचीही कुणाची तयारी नसते. संध्याकाळी कंबर धरते. पैसा मिळतो आणि शरीर खर्च होते. म्हणून गुत्त्याचे काम असले तरी मालकाने "भाकरीची अर्धी घटका सगळ्यांनी मिळून बसायचं," असे आधीच ठरवून घ्यावे. त्यात दोघांचेही हित आहे.

खर्च थोडा, फरक मोठा

आता जुनी भलरी परत आणा, असे सांगून ती येणार नाही. पण भलरीने जे साधत होते ते दुसऱ्या मार्गाने साधता येते. त्यासाठी अनुदान लागत नाही की अर्ज करावा लागत नाही.

पहिली गोष्ट पाण्याची. माठ किंवा डेरा सावलीत ठेवावा, त्याला ओले फडके गुंडाळावे, वर स्वच्छ झाकण आणि लांब दांड्याचे ओगराळे असावे. उन्हाळी कामाला ज्वारीची आंबील किंवा मीठ घातलेले ताक द्यावे. घामावाटे पाण्याबरोबर मीठही जाते, ते असे भरून निघते. जिभेला चव आणि अंगाला आधार, दोन्ही एकाच गाडग्यात.

दुसरी गोष्ट सावलीची. ट्रॅक्टर वळायला अडचण होते, सावलीत पीक येत नाही, म्हणून बांधावरची झाडे तोडली गेली. चार झाडे अडत असतील, पण विहिरीपाशी किंवा वहिवाटेच्या कडेला एक लिंब नाहीतर आंबा कुणाला अडत नाही. त्याखाली चार सपाट दगड ठेवले की तीच रानातली बैठक. झाड मोठे होईपर्यंत चार मेढी आणि कडब्याच्या पेंढ्या यांची कोप उभी करता येते.

तिसरी गोष्ट खाण्याची. दहा बायांना दोन वेळा चहा आणि दुपारी मूठभर शेंगदाणे-गूळ यांचा घरी बसून हिशेब करून पाहावा. एका बाईच्या रोजाच्या आतच तो बसतो. वर्षातून दोन-चार वेळा उसाचा रस, आंब्याचे पन्हे, कणसे असे काही झाले तर त्या रानाचे नाव वर्षभर निघते.

चौथी गोष्ट वेळेची. चैत्र-वैशाखात काम सकाळी लवकर सुरू करून ऊन तापण्याआधी सोडावे आणि उरलेले उन्हे कलल्यावर घ्यावे. अकरा ते चारच्या उन्हात माणूस उभा राहतो, पण काम पुढे सरकत नाही, हे पाहणाऱ्याला दिसतेच.

पाचवी गोष्ट अवजाराची. बोथट खुरप्याने दिवसभर तण काढणे ही शिक्षा आहे. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचा वैभव विळा दातेरी आहे, त्याला पुन्हा पुन्हा धार लावावी लागत नाही आणि मनगटावर ताण कमी येतो. सायकल कोळप्याने उभ्याने तण काढता येते, गुडघे आणि कंबर वाचते. बऱ्याच घरांत गडी माणसांची अवजारे नवी येतात आणि बायांच्या हाती तेच झिजलेले खुरपे राहते. हाताला बसणारे चांगले अवजार मिळाले की कामाला आपोआप चव येते, हे सुताराला, लोहाराला विचारावे.

सहावी आणि बिनपैशाची गोष्ट शब्दांची. "वैनी, आज पाळी लई साफ निघाली," एवढे म्हणायला काय जाते? नाव घेऊन हाक मारावी. चूक दिसली तर सगळ्यांसमोर न ओरडता बाजूला घेऊन सांगावी. सालगडी पाडव्याला ठरतो तेव्हा पैसा, धान्य, कपडालत्ता यांची बोली होते. त्याच बैठकीत सुट्टीचे दिवस आणि आजारपणाचे काय, हेही ठरले तर वर्ष सुखाचे जाते.

गोडी मजुरीच्या वर, मजुरीच्या बदल्यात नव्हे

इथे एक इशारा दिलाच पाहिजे. चहा पाजला म्हणून पन्नास रुपये कमी द्यायचे, गोड बोलून तासभर जास्त राबवायचे, असा कुणाचा बेत असेल तर तो फार दिवस चालत नाही. माणसे शहाणी आहेत. दाम करी काम, ही म्हण खोटी नाही. समान कामाला बाईला पुरुषाइतकीच मजुरी, हे तत्त्व १९७६ मध्ये आपल्या देशाच्या कायद्यात आले, तरी आजही अनेक गावांत बाईच्या हातावर कमी पैसे पडतात. तिथे शेंगदाणे-गूळ वाटून उपयोग काय? आधी रोज पुरा आणि वेळेवर द्यावा, मग गोडीचे बोलावे.

दुसरा इशारा खोट्या गोडीचा. कंटाळा घालवायला तंबाखूचा बार भरायचा, दात घासायच्या निमित्ताने मिश्री लावायची, काम उरकले की बाटली फोडायची. ट्रॅक्टरवाल्याला "खूश" करायला दारू देणारे महाभागही आहेत. महाराष्ट्रात २०१२ मध्ये गुटख्यावर बंदी आली, पण सवय कायद्याने एका दिवसात जात नाही. ही चार घटकांची गुंगी पुढे तोंडाच्या कर्करोगापर्यंत नेते आणि घरचा रोज खाऊन टाकते. तिला सुख म्हणता येणार नाही.

गाण्याचेही तसेच. खुरपताना मोबाईलवर भारूड, भजन, जुनी गाणी लावली तर बिघडत नाही, उलट टोळीला मजा येते. पण मळणीयंत्रावर किंवा ट्रॅक्टरवर कानात बोळे घालून बसणे हा जिवाशी खेळ आहे. मागून कुणी हाक मारली, पट्ट्याचा आवाज बदलला तर कळणार कसे? आणि ऊस भरलेल्या ट्रॉलीपुढे रात्री डेक बडवीत जाणाऱ्यांनी रस्त्यावरच्या दुसऱ्या माणसाचाही विचार करावा.

तिसरे असे की काही दुःखांना चहा हे औषध नाही. रात्रीच्या विजेवर पाणी देणाऱ्या शेतकऱ्याला पायाखालच्या विंचू-सापाची भीती असते. त्याला सर्वांत मोठे सुख म्हणजे दिवसाची वीज. त्यासाठी मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ मध्ये सुरू झाली. ज्या गावाला दिवसा वीज मिळू लागते, तिथल्या माणसाची रात्रीची झोप परत येते. अशा मागण्या गावाने लावून धरल्याच पाहिजेत.

ग्रामपंचायतीने एवढे करावे

सार्वजनिक कामावर तर ही सोय म्हणजे कुणाची मेहेरबानी नाही. १९७२ च्या दुष्काळात वि. स. पागे यांच्या कल्पनेतली रोजगार हमी महाराष्ट्रभर उभी राहिली आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. पुढे २००५ च्या राष्ट्रीय कायद्याच्या परिशिष्टात कामाच्या जागी पिण्याचे शुद्ध पाणी, मुलांसाठी आणि विश्रांतीसाठी सावली, प्रथमोपचार पेटी या सोयी लिहिल्या गेल्या. सहा वर्षांखालील पाच किंवा अधिक मुले आयांबरोबर आली तर त्यांना सांभाळायला त्यातलीच एक बाई नेमावी, असेही त्यात म्हटले होते. योजनांची नावे आणि कायदे बदलत राहतात, पण उन्हात माती उचलणाऱ्या आईचे लक्ष सावलीतल्या लेकराकडेच असते, हे बदलत नाही. ग्रामसेवक आणि रोजगार सेवकांनी मस्टर भरताना पाण्याचा डेरा कुठे आहे, हेही एकदा बघावे.

ग्रामपंचायतीचे सफाई कामगार, पाणी सोडणारा माणूस, आशा आणि अंगणवाडीच्या ताई यांचे कामही रोज तेच आणि बहुधा कौतुकाविना चालते. हातमोजे, गमबूट, बसायला एक बाक आणि ग्रामसभेत वर्षातून एकदा नाव घेऊन केलेला सत्कार, एवढ्याने कोणत्याही ग्रामपंचायतीचे दिवाळे निघणार नाही.

एकत्र कामाची गोडी किती ताकदीची असते याचा पुरावा महाराष्ट्राने अलीकडेच पाहिला आहे. २०१६ मध्ये पानी फाउंडेशनची वॉटर कप स्पर्धा वरुड, अंबाजोगाई आणि कोरेगाव या तीन तालुक्यांत सुरू झाली. २०१९ पर्यंत ती ७६ तालुक्यांत पोचली. भर उन्हाळ्यात गावकऱ्यांनी बिनमजुरीने चर खोदले, बांध घातले. पहाटे आणि रात्री श्रमदान होई, शिट्ट्या, गाणी, शेजारच्या गावाशी चुरस, नव्या नवरा-नवरीनेही हातात टिकाव धरलेला. पाणी अडवायची गरज तर आधीही होती. पण "चला, सगळे निघालेत," या हाकेत जी मजा होती तिने माणसे घराबाहेर काढली. त्याआधी २०००-०१ पासून संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियानात झाडू हाती घेतलेल्या गावांनीही हेच अनुभवले होते.

बैलाला लोणी, माणसाला?

आपल्या लातूर, धाराशिव, सोलापूर भागाला ही रीत नवी नाही. मार्गशीर्षातल्या वेळ अमावास्येला, म्हणजे आपल्या येळवसेला, गावे ओस पडतात आणि राने भरतात. कडब्याच्या कोपीत पांडवांची पूजा होते, आंबिलीने चर शिंपतात, भज्जी आणि बाजरीच्या उंड्यांवर ओळखीचा-अनोळखी जो येईल तो जेवून जातो. ज्या मातीत वर्षभर घाम गाळायचा तिथे एक दिवस निव्वळ आनंदाने बसायचे, असा हा सण आहे. पुढे पौष-माघात हुरडा येतो. आगटीतली गरम कणसे हातावर चोळून खाताना शेतमालक आणि गडी एकाच धुरात डोळे चोळतात. अलीकडे शहरातली माणसे त्यासाठी पैसे मोजून रानात येतात. आपल्या रानातल्या टोळीला मात्र त्या हुरड्याचे बोलावणे असतेच असे नाही.

पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणी होते. वर्षभर जू वाहिलेल्या बैलाचा खांदा गरम पाण्याने धुऊन त्याला हळद आणि लोणी चोळतात. कष्टाची जाण ठेवण्याची याहून सुंदर रीत शोधून सापडणार नाही. ती रीत ज्या शेतकऱ्याने काढली त्याला हेही समजत असले पाहिजे की पाटी उचलणाऱ्या बाईच्या मानेला आणि पंप वाहणाऱ्या गड्याच्या खांद्यालाही घट्टे पडतात.

येत्या हंगामात शेतकरी बंधू-भगिनींनी एवढेच करून पाहावे. पहिल्या दिवशी टोळी रानात आली की कामाला लावण्याआधी विचारावे, "पाणी कुठं ठेवू, भाकर कुठं खाणार?" आणि त्या जिथे बोट दाखवतील तिथे डेरा नेऊन ठेवावा. दुपारी आपलीही भाकर तिथेच सोडावी.